कललेलं चंचुपात्र

टिक्झच्या हजारावर पानांच्या हस्तपुस्तिकेत एक समुद्रपक्षी आहे. दोन कमानी शेजारी शेजारी, एवढाच. चित्रकलेच्या वहीत दोन डोंगरांमधून उगवणाऱ्या सूर्यावर आपण सगळ्यांनीच असे पक्षी उडवलेले आहेत. इथे तो शब्दांत लिहिलेला आहे: मध्यापासून डावीकडे तीन मिलिमीटरवर एक बिंदू, मधे एक, उजवीकडे तीन मिलिमीटरवर एक, आणि या बिंदूंमधून जाताना रेष दोन्ही वेळा डाव्या अंगाला वाकवायची. या वर्णनाला नाव दिलं की झाला पक्षी. पुढे नुसतं नाव लिहायचं. तो येतो, हवा तिथे, हव्या त्या रंगात, हवा तेवढा मोठा.

टिल टांटाऊ यांनी आपल्या पीएचडीच्या प्रबंधातल्या आकृत्यांसाठी जे लिहायला घेतलं, त्यातून पुढे टिक्झ उभं राहिलं. लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत जसा मजकूर लिहितो तशीच टिक्झमध्ये आकृतीही लिहायची. माउस नाही, ओढाताण नाही. ३.० या आवृत्तीपासून त्यात ‘पिक’ आले: एकदा सांगून ठेवायची, पुन्हा पुन्हा बोलवायची छोटी चित्रं. हा पक्षी त्यांतलाच. मला ही पद्धत मनापासून आवडते. काढताना हात पुढे पळतो, लिहिताना थांबावं लागतं आणि आकाराला नीट विचारावं लागतं की बाबा, तुझं नेमकं काय आहे.

शाळेच्या विज्ञानासाठी मराठीत आकृत्या करायच्या होत्या, म्हणून मी चंचुपात्रापासून सुरुवात केली. रुंदी, उंची, द्रवाची पातळी, द्रवाचा रंग ही सगळी बदलता येणारी. गुणांची नावं देवनागरीतच ठेवली, ‘पातळी = 0.4’ अशी, लाटेकचं झीलाटेक हे रूप ती विनातक्रार घेतं. टोकांनाही नावं दिली. पिकच्या आत बिंदूचं नाव आडव्या रेघेने सुरू केलं, की बाहेर त्याला त्या त्या पात्राचं नाव आपोआप चिकटतं. ‘क-चोच’ म्हणजे पहिल्या पात्राची चोच, ‘ख-चोच’ दुसऱ्याची. मग नावनिर्देशाचे बाण थेट तिथून निघतात, पात्र कुठेही हलवा. शाळेत आमच्या प्रयोगांच्या जर्नलमध्ये डावं पान कोरं असायचं, आकृतीसाठी. बाण पट्टीनेच, आडवेच, आणि बाणाने बाण छेदायचा नाही, हा दंडक. तो दंडक मला अजूनही सुंदर वाटतो.

आता हे पात्र ओतताना दाखवायचं. टिक्झला सांगितलं, तीस अंश फिरव. पात्र फिरलं, आणि त्याच्याबरोबर पाणीही फिरलं. पृष्ठभाग बुडाला समांतर, तिरपा, हवेत तसाच. मी त्याच्याकडे बघत राहिले, कारण हे चित्र मला आधीपासून माहीत होतं.

ज्याँ पियाजे आणि बेर्बेल इनहेल्डर यांनी मुलांना अवकाश कसं कळतं यावर १९४८ साली फ्रेंचमध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात बाटलीतल्या पाण्याचा प्रयोग आहे. बाटलीत रंगीत पाणी असतं. बाटली कलली तर पाणी कसं दिसेल ते मुलांनी काढून दाखवायचं. अगदी लहान मुलं बाटलीच्या पोटात नुसता एक गोळा काढतात. त्यांहून जरा मोठी मुलं रेघ काढतात, पण बुडाला समांतर. आडवी रेघ पुष्कळ उशिरा येते. मुलांनी पाणी पाहिलेलं नसतं असं थोडंच आहे? रोज अंघोळीला ती तांब्या कलता करतच असतात. पण काढताना मूल बाटलीच्या आत जाऊन बसतं, आणि आत बसलं की बाटलीचं बूड हीच जमीन. पुढे इतरांनी हाच प्रयोग मोठ्यांवर केला, तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या कितीतरी जणांनीही तिरपी रेघ काढली. टिक्झही तिथेच बसलेलं. त्याला पिकच्या आतले अक्षच ठाऊक. बाहेर गुरुत्वाकर्षण आहे हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

सांगता येतं, आणि ते सांगणं फार देखणं आहे. उभ्या पात्रात पाण्याचा पृष्ठभाग मध्यरेषेला जिथे छेदतो तो बिंदू धरा. पात्र कललं तरी पृष्ठभाग त्याच बिंदूतून जातो. एका बाजूला पाण्याची पाचर जेवढी वाढते, तेवढीच दुसऱ्या बाजूला घटते. पाणी तेवढंच राहतं. काठाला पाणी टेकेपर्यंत किंवा बुडाचा एक कोपरा कोरडा पडेपर्यंत हे चालतं. म्हणून पात्र बाहेरून फिरवायचंच नाही. ‘कल’ हा त्याचा स्वतःचा गुण करायचा. पात्राच्या आतल्या कडेने चित्र कातरून घ्यायचं, मग त्या बिंदूभोवती तेवढेच अंश उलटं फिरून एक मोठा आयत रंगवायचा. जो भाग पात्रात मावतो तेवढाच उरतो, आणि पाणी आडवं येतं. कल दहा द्या, वीस द्या, ते आडवंच राहतं. मी कितीतरी वेळ नुसते आकडे बदलत बसले होते.

आकारातलं काय बदलू द्यायचं, याचा सर्वांत मोठा पसारा डोनाल्ड क्नुथ यांनी मांडला. लाटेक ज्यावर उभं आहे त्या टेकच्या जोडीने त्यांनी मेटाफॉन्ट ही अक्षरं घडवायची भाषा रचली आणि तीत कॉम्प्युटर मॉडर्न ही अक्षरं काढली, ६२ चलांवर. ते आकडे बदलले की तीच अक्षरं जाड होतात, बारीक होतात, पाय टाकून उभी राहतात. १९८२ साली ‘व्हिजिबल लँग्वेज’मध्ये त्यांनी या कल्पनेवर लेख लिहिला, आणि त्याच वर्षी त्याच नियतकालिकात डग्लस हॉफस्टॅटर यांनी हरकत घेतली: अक्षराचं अक्षरपण कितीही चलांत पकडता येणार नाही. चंचुपात्रापुरती मी क्नुथच्या बाजूने आहे. अक्षरांबाबत मात्र मला हॉफस्टॅटर पटतात.

तरी देवनागरी बघितली की तीही अशी चलांत मांडण्याचा मोह होतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात फ्रान्स फेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये मेटाफॉन्टमधूनच देवनागरी उभी केली. आपल्याकडे मुलं ग म भ न पासून सुरुवात करतात, कारण एक वळण हाताला बसलं की पुढचं जवळ येतं. खडी पाई हा एक पिक. व हा दुसरा. त्याच्या पोटात तिरपी रेघ दिली की ब. प च्या पोटात दिली की ष. क साठी पाईच्या उजवीकडे शेपूट हवं, पण मग डावीकडचं पोट व एवढं रुंद ठेवून चालत नाही, ते आखडतं. म्हणजे पोटाची रुंदी मोकळी ठेवायला हवी. ल ला तर भाषाच विचारावी लागते: मराठीत पाकळ्यांचा ल, हिंदीत दंडाचा. आजच्या काही टंकांत दोन्ही असतात, आणि मजकूर मराठी आहे असं सांगितलं तरच आपला येतो. माझ्या पिकमध्ये मी पाकळ्यांचा ल न सांगताच येणारा ठेवणार आहे. ज्याला दंडाचा हवा त्याने तसं लिहावं.