काळे बूट, पांढरा शर्ट

संपादक मंडळातल्या मैत्रिणीने कॉरिडॉरमध्ये गाठून सांगितलं, "मराठी विभागात पानं शिल्लक आहेत, तू लिही काहीतरी. फक्त कविता नको!" आता जिचं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय आणि जिला अजूनही 'एकोणसाठ' म्हटलं की फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन हे मनात इंग्लिशमध्ये मोजून बघावं लागतं, तिला हे सांगणं म्हणजे जरा रिस्कच. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर प्रूफं तपासणाऱ्यांना धरा.

मेकॅनिकलला आमच्या वर्गात मुली सात. त्यातली 'ती काळी कपडेवाली' म्हणजे मी. ओळख पटली असेलच. काळा टी-शर्ट, काळी जीन्स, काळी लिपस्टिक (ओरलचा दिवस सोडून), डाव्या कानावरचे केस मशीनने बारीक केलेले आणि नाकाच्या मधल्या पडद्यात घोड्याच्या नालेसारखी एक कडी. फर्स्ट इयरला हॉस्टेलवर अफवा होती की मी जादूटोणा करते. नाही हो! रात्री बारा वाजता मेणबत्ती लावून बसले होते ते लाइट गेले होते आणि सकाळी ड्रॉइंग शीट द्यायची होती म्हणून.

या प्रकाराला गॉथ म्हणतात. सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये पंक संगीत जरा निवत आलं, तेव्हा त्यातूनच बाउहाउस, सूझी अँड द बॅन्शीज असे काही बँड पुढे आले. संगीत संथ, अंधारं, आणि कपडेही तसेच. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह नावाचा क्लब निघाला आणि ही मंडळी तिथे जमू लागली. मी हे सगळं अकरावीत ऐकलं. त्याआधी दहा वर्षं दोन वेण्या, लाल रिबिनी, पॉलिश केलेले बूट आणि गुडघ्यावर बसवून पट्टीने मोजलेला स्कर्ट. सिस्टरना दोष देत नाही, इंग्लिश उत्तम शिकवलं. पण दहा वर्षं दुसऱ्याने ठरवलेले कपडे घातल्यावर आपले आपण ठरवायची मुभा मिळते, तेव्हा माणूस थोडा जास्तच काळा होतो, एवढंच.

खरी गोष्ट बुटांची आहे. माझे बूट पाहिलेत ना? जाड सोलचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे. सगळ्यांना वाटतं डॉक मार्टेन्स आहेत. ते बूट घ्यायचे म्हणजे किंमत पाच आकडी. माझ्या पायात आहेत ते पप्पांचे जुने सेफ्टी शूज!

पप्पा नाशिकला सातपूर एमआयडीसीत टर्नर आहेत. कंपनी ठरावीक काळाने नवे सेफ्टी शूज देते, जुने माळ्यावर जातात. सेकंड इयरला जाताना मी त्यातला एक जोड काढला, काळं पॉलिश मारलं, जांभळी लेस घातली. पप्पांचा नंबर सात, माझा पाच, म्हणून मोज्यांचे दोन जोड. पुढे स्टीलची टोपी असल्याने हॉस्टेलच्या जिन्यावर आवाज असा येतो की वॉर्डन मॅडम आल्यासारखं वाटून पोरी मोबाइल लपवतात.

गंमत म्हणजे खऱ्या डॉक मार्टेन्सची कथाही हीच. हवेच्या उशीसारखा सोल ही मार्टेन्स नावाच्या एका जर्मन डॉक्टरची कल्पना, स्वतःचा घोटा दुखावल्यावर सुचलेली. इंग्लंडमधल्या ग्रिग्ज कंपनीने हक्क विकत घेतले आणि १ एप्रिल १९६० ला पहिला बूट काढला. तारखेवरूनच त्याचं नाव १४६०. तो घालत कोण? पोस्टमन आणि कारखान्यातले कामगार, स्वस्त आणि टिकाऊ म्हणून. पंकवाल्यांच्या पायात तो नंतर आला. जीन्सचंही तसंच. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी १८७३ मध्ये तांब्याच्या रिव्हेटचं पेटंट घेतलं ते कष्टाची कामं करणाऱ्यांच्या पँटचे खिसे फाटू नयेत म्हणून. आणि इंटरव्ह्यूला जो टाय लागतो ना, तो सतराव्या शतकातल्या क्रोएशियन सैनिकांच्या गळ्यातल्या रुमालावरून आलेला. म्हणजे सैनिकाचा रुमाल सभ्य आणि कामगाराचा बूट टपोरी! हे कुणी ठरवलं, मला एकदा भेटायचंय त्याला.

हे सगळं मी थर्ड इयरला पप्पांना मोठ्या उत्साहाने ऐकवलं. दिवाळीत घरी गेले होते, बूट दारात काढले होते. पप्पा सेकंड शिफ्ट करून आले आणि दारातच थांबले. त्यांनी बूट ओळखले. मी क्रोएशियापर्यंत सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "ताई, हे बूट तुला कधी घालायला लागू नयेत म्हणून तर तुला त्या शाळेत घातलं होतं."

एवढंच. मग हात धुवायला गेले.

मला काही बोलता आलं नाही. कॉन्व्हेंटची फी ओव्हरटाइममधून जायची हे मला माहीत होतं, पण 'माहीत असणं' वेगळं. त्यांच्या डोळ्यांसमोर माझं चित्र होतं ते एसी ऑफिसमधलं, गळ्यात आयकार्ड, पांढरा शर्ट. आणि मी त्या चित्रातून पळून त्यांच्याच माळ्यावर जाऊन बसले होते, वर त्याला फॅशन म्हणत होते. आजी मात्र माझ्या बाजूने होती. तिच्या दोन्ही हातांवर गोंदण आहे, हिरवट पडलेलं. माझ्या नाकाकडे बघून म्हणाली, "मी गोंदवलं तेव्हा मला कुणी इचारलं नव्हतं. हिनं निदान सोताच्या मनानं तरी टोचलं."

नंतर सहाव्या सेमिस्टरला समर इंटर्नशिपसाठी कंपन्या यायला लागल्या आणि नोटीस लागली. फॉर्मल्स कम्पल्सरी, केस नैसर्गिक रंगाचे, 'अनावश्यक दागिने' नकोत. आता अनावश्यक म्हणजे काय? आमच्या वर्गातला एक जण ढोल पथकात आहे, कानाच्या वरच्या पाळीत भिकबाळी घालतो. त्याने विचारलं तर सर म्हणाले, "ती चालेल रे, ती पारंपरिक आहे." मी म्हटलं, सर, हिमाचल-उत्तराखंडमध्ये बायका नाकात इथेच बुलाक घालतात, तीही पारंपरिकच. सर हसले आणि म्हणाले, "तू हिमाचलची आहेस का?" मुद्दा बरोबर होता, मी नाशिकची आहे.

सरांची बाजूही सांगायला हवी. दोनशे पोरं बसवायची, त्यातल्या एकाच्या अवतारामुळे कंपनीचं मत बिघडलं तर बाकीच्यांचं नुकसान, ही त्यांना धास्ती. मी त्यांना बातम्या दाखवल्या होत्या. इन्फोसिसने २०१५ मध्ये आठवडाभर कॅज्युअल कपड्यांना परवानगी दिली, गोल्डमन सॅक्ससारख्या बँकेनेही २०१९ मध्ये सुटाबुटाची अट सैल केली. सर म्हणाले, "आत गेल्यावर काय घालायचं ते तू आणि कंपनी बघा. दारातून आत जाईपर्यंत माझी जबाबदारी." यावर काय बोलणार?

पहिली कंपनी सॉफ्टवेअरवाली. मैत्रिणीचा पांढरा शर्ट, दुसरीची पँट, तिसरीचे बॅली शूज. कडी काढून जॉमेट्री बॉक्समध्ये ठेवली, बारीक केलेले केस बाजूच्या केसांनी झाकून पिना लावल्या. आरशात बघितलं तर दहावीतली मी! अॅप्टि झाली, जीडी झाला, एचआरच्या मॅडमसमोर बसले. त्यांनी विचारलं, छंद काय? आता खरं म्हणजे मी स्वतःचे कपडे स्वतः शिवते, फाडते, रिव्हेट मारते. पण त्या शर्टात बसून तोंडातून आलं, "कुकिंग अँड रीडिंग." मॅडम खूश झाल्या. "शेवटचं काय बनवलंस?" मी म्हटलं, "मॅगी." मग त्यांनी वाचनाबद्दल विचारलं आणि मला हॉस्टेलच्या मेसचा मेनू सोडून काही आठवेना. अख्खा वेळ माझं अर्ध लक्ष पिनांकडे होतं. यादीत नाव आलं नाही. कारण कपडे नव्हते, हे मी इथे प्रामाणिकपणे लिहिते. ज्या मुलीचा त्या इंटरव्ह्यू घेत होत्या तिला मीच नीट ओळखत नव्हते.

त्या रात्री पप्पांना फोन केला. वाटलं, म्हणतील, 'बघ, सांगत होतो.' ते म्हणाले, "कडी काढायला लावली म्हणून रडतेस की नोकरी गेली म्हणून?" म्हटलं, दोन्ही. मग जरा थांबून त्यांनी एक सांगितलं, जे त्यांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या शेजारच्या लेथवर एका माणसाची लग्नातली अंगठी जॉबमध्ये अडकली होती. पुढचं मी लिहीत नाही. तेव्हापासून पप्पा कामावर जाताना अंगठी देवघरात काढून ठेवतात, आणि आई त्यावरून कधीच रागावत नाही. "मशीनसमोर कडी, अंगठी, ओढणी, लांब बाही, काही नाही. मशीनला तुझी फॅशनही कळत नाही आन् माझं लग्नही. पण ऑफिसात खुर्चीवर बसून कडी कशात अडकणार, ते मला काय ठाऊक नाही बुवा."

मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी, वर्कशॉपमध्ये तीन वर्षं ही सूचना भिंतीवर वाचलेली. पण नियम दोन जातींचे असतात हे त्या दिवशी डोक्यात शिरलं. एकाचं कारण विचारलं तर बोट दाखवता येतं (किंवा नसलेलं बोट). दुसऱ्याचं कारण विचारलं तर फक्त 'बरं दिसत नाही' एवढंच उत्तर मिळतं. अर्थात पहिल्या जातीतही भेसळ असते. १९४८ च्या कारखाना कायद्यात चालू यंत्राची तपासणी किंवा ऑइलिंग अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेल्या प्रशिक्षित माणसानेच करावं असं कलम होतं. उत्तम. पण तो माणूस 'प्रौढ पुरुष'च असला पाहिजे, हेही त्याच वाक्यात होतं. कपड्यांचं कारण मला कळतं, पुरुषाचं कळलं नाही.

दुसरी कंपनी चाकणची, गिअर बनवणारी. या वेळी शर्ट माझा होता, काळाच, पण इस्त्री केलेला. केस होते तसे, नीट विंचरून. सर दारात दिसले, त्यांनी बघितलं आणि दुसरीकडे बघितलं. (थँक यू सर!) कडी मात्र मी काढली नाही, उलटी करून आत सरकवली. नालेसारख्या कडीची दोन्ही टोकं नाकात वर जातात, बाहेरून काही दिसत नाही. आतमध्ये दोघं होते, एक एचआरचे आणि एक पन्नाशीचे प्लांटचे साहेब. एच सात–जी सहा म्हणजे कुठला फिट, विचारलं. क्लिअरन्स, सांगितलं. का, कुठे वापराल, सांगितलं. गाडी छान चालली होती. आणि तेवढ्यात समोरच्या एसीचा झोत... मी जोरात शिंकले.

एक टोक बाहेर आलं. फक्त एक! आता नाकातून अर्धी कडी लोंबतेय आणि समोर दोन इंटरव्ह्यू घेणारे. एचआरवाले कागदात बघायला लागले. मी म्हटलं, आता लपवून काय उपयोग, आणि दुसरं टोकही खाली ओढून सरळ करून बसले.

साहेब म्हणाले, "दुखलं का टोचताना?" मराठीत! म्हटलं, डोळ्यांतून पाणी आलं सर. मग त्यांनी विचारलं, "शॉप फ्लोअरवर हे चालणार नाही, माहितेय?" मी म्हटलं, माहितेय, तिथे काढीन, आणि का ते सांगितलं. अंगठीची गोष्टही सांगितली. वडील काय करतात विचारलं, तेव्हा पहिल्यांदाच 'इन मॅन्युफॅक्चरिंग' असं गोल न बोलता "टर्नर आहेत" म्हणाले. साहेबांनी विचारलं, "आणि ऑफिसात बसवलं तर?" मी म्हटलं, "तिथे कशात अडकणार असेल तर काढीन सर." एचआरवाल्यांना हे फारसं आवडलं नसावं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

निवड झाली. दोन महिन्यांची, स्टायपेंड विचारू नका. पुढे नोकरी देतील की नाही माहीत नाही, त्या लिहून घेतलेल्या ओळीत काय होतं तेही नाही. दोन महिने रोज सकाळी गेटवर कडी काढून डबीत टाकायची, संध्याकाळी घालायची. ऑफिसच्या दिवशी मात्र राहायची. अकाउंट्सच्या एक मॅडम पहिला आठवडा माझ्या नाकाशीच बोलत होत्या, मग सवय झाली. एका दिवशी एक व्हेंडर येणार होता तेव्हा मला 'जरा मागे बस' असं सांगण्यात आलं. मी बसले. अजून त्याचा राग येतो, जास्त स्वतःचा.

पहिल्या दिवशी स्टोअरमध्ये सेफ्टी शूज घ्यायला गेले. स्टोअरवाल्या काकांनी सगळे खोके उचकले. बायकांचे नंबर नव्हतेच, सगळ्यात लहान सात. ते ओशाळून म्हणाले, "मॅडम, पुढच्या लॉटमध्ये मागवतो, तोवर चालवून घ्याल का?" बूट अगदी माळ्यावरच्यासारखेच, फक्त कोरे. मी खाली बसले, बॅगेतून मोज्यांचा दुसरा जोड काढला.

फोटो पप्पांना पाठवला. बराच वेळ निळ्या टिका दिसत होत्या, उत्तर नाही. लंच टाइमला आलं, "लेस आत खोच. लोंबती ठेवू नको."