पर्वतीच्या पायऱ्या आणि मनाचा चढ

पुण्याची पर्वती पाहावी ती पहाटे. देवदेवेश्वराच्या मंदिरापर्यंत १०३ रुंद दगडी पायऱ्या आहेत. सत्तरी ओलांडलेली कित्येक मंडळी त्या एका लयीत चढताना दिसतात. त्याच वयाचे काही जण मात्र पायथ्याशी थांबून म्हणतात, “आम्हाला व्यायामाची कधी आवडच नव्हती.” वाचकहो, हे वाक्य आपल्या घरातही उच्चारले जात असेल, तर त्याकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहावे, अशी विनंती आहे.

मंदिर उभारणाऱ्या नानासाहेब पेशव्यांनी याच टेकडीवर देह ठेवला. पानिपतात थोरला पुत्र विश्वासराव आणि चुलतबंधू सदाशिवरावभाऊ गमावल्यानंतर काही महिन्यांतच, जून १७६१ मध्ये, वयाच्या चाळिशीत. इतक्या अंतरावरून निदान करणे वैद्याला शोभत नाही. पण मनाचे ओझे शरीरालाही वाहावे लागते, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

बहुतेक मानसिक आजारांचा आरंभ विशी-पंचविशीच्या आतच होतो. नेमक्या याच वयात चालणे, पोहणे, खेळणे या सवयी रुजत असतात. नैराश्याने झोप मोडते, उत्साह आटतो, चारचौघांत जाणे नकोसे होते. मग मैदान सुटते. पुढे मन सावरले, तरी सुटलेली सवय आपोआप परतत नाही. उलट बाजूही खरी आहे: हालचाल घटली की मन अधिक खचते. हा कल आहे, विधिलिखित नव्हे. सवय कोणत्याही वयात नव्याने लागू शकते.

म्हणून घरच्या ज्येष्ठांना ‘आळशी’ म्हणू नये. “तरुणपणी काय आवडायचे? ते केव्हा सुटले?” असे निवांतपणे विचारावे. उत्तरात कधी एखादे जुने, न बोललेले दुःख सापडते. कधी पुन्हा सुरू करता येईल असा एखादा छंदही.

आरंभ पर्वतीपासूनच करावा असे नाही. जवळच सारसबाग आहे. तेथे सपाटीवर दहा मिनिटे चालावे. शक्य तितक्या बेताने आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जावे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. सोबत कोणी असेल तर नेम टिकतो. हृदयविकार, मधुमेह किंवा गुडघेदुखी असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पायऱ्या उतरताना घाई नको. गुडघ्यांवर ताण तेव्हाच अधिक येतो. छातीत दुखले, दम लागला वा चक्कर आली, तर तेथेच थांबून मदत मागावी.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, तर तिला वयाचा परिणाम समजून सोडून देऊ नये. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आणि घरात विशीतले नातवंड खोलीचे दार लावून बसत असेल, तर त्यालाही संध्याकाळी बरोबर न्यावे. उपदेश न करता नुसते चालावे. पर्वतीवर अर्ध्या वाटेत बसून दम खाणाऱ्याला कोणी हसत नाही. आपणही त्याच्याशेजारी थोडा वेळ बसावे.