न येण्याचे स्वातंत्र्य

वन्यजीवांचे छायाचित्रण हा साहित्याच्या अभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा विषय आहे, असे मी पुष्कळ वर्षे मानत होतो. त्या समजुतीला धक्का दिला तो एका लांडग्याने. ऑक्टोबर २००९ मध्ये लंडनचे नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि बीबीसी वाइल्डलाइफ मासिक यांच्या वन्यजीव-छायाचित्र स्पर्धेत एका स्पॅनिश छायाचित्रकाराला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. रात्रीच्या काळोखात लाकडी फाटकावरून झेप घेणारा लांडगा, एवढाच त्या चित्राचा विषय होता. शीर्षकही ‘गोष्टीतला लांडगा’ अशा अर्थाचे होते. माणसाचा गोठा आणि रान यांच्या सीमेवरचे फाटक, युरोपीय लोककथांतून शतकानुशतके धावत आलेला लांडगा, हे सारे चिन्हमीमांसा शिकवण्यासाठी इतके सोयीचे होते की मी ते चित्र पदव्युत्तर वर्गात नेले आणि त्यावर दोन तासिका घेतल्या.

जानेवारी २०१० मध्ये पारितोषिक काढून घेण्यात आले. लांडगा रानातला नसून बहुधा शिकवून तयार केलेला असावा, असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. छायाचित्रकाराने तो अमान्य केला. ही बातमी मी वर्गात सांगितली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, चित्रात तर काहीच बदललेलं नाही. मग आपल्याला फसवल्यासारखं का वाटतं?”

त्याच सत्रात मी रोलाँ बार्थच्या ‘लेखकाचा मृत्यू’ या निबंधाचे विवेचन केले होते. त्याला धरून उत्तर देणे अवघड नव्हते. संहिता स्वायत्त असते. ती कशी घडली हा प्रश्न आस्वादाच्या बाहेरचा आहे. मी तेच उत्तर दिले. परंतु मला स्वतःला ते पटलेले नव्हते, आणि न पटलेले उत्तर वर्गात दिल्याची टोचणी पुढे बरीच वर्षे राहिली.

पहिला सोपा खुलासा असा की, छायाचित्रात कृत्रिमता आली की त्याचे मोल जाते. हा खुलासा अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्ससमोर टिकत नाही. न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे त्याचे १९४१ सालचे चित्र निसर्ग-छायाचित्रणातील मानदंड मानले जाते. परंतु त्यातले गाजलेले काळेभोर आकाश बरेचसे डार्करूममध्ये घडले आहे. आरंभीच्या प्रतींत ते फिकट आहे आणि त्यात ढगही दिसतात. अ‍ॅडम्स ते पुढे वर्षानुवर्षे गडद करीत गेला. हे ठाऊक असूनही आपल्याला फसवल्यासारखे वाटत नाही.

दुसरा खुलासा कर्त्याच्या साक्षीचा. छायाचित्रकार तेथे होता, त्याने पाहिले, म्हणून चित्र खरे. पण संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन याने १९२७ च्या आपल्या पुस्तकात वाघांची जी रात्रीची छायाचित्रे दिली, त्यांतली कित्येक टिपली गेली तेव्हा कॅमेऱ्यामागे कोणीही नव्हते. वाटेवर ताणलेल्या तारेला वाघाचा पाय लागे, प्रकाश उसळे आणि चित्र उमटे. लेखकाच्या अनुपस्थितीचे याहून शब्दशः उदाहरण सापडणे कठीण. तरीही त्या वाघांवर आपला विश्वास बसतो. गमतीचा भाग असा की, लांडग्याचे चित्रही अशाच स्वयंचलित यंत्रणेने टिपलेले होते.

बार्थने १९८० मध्ये छायाचित्रावर लिहिताना आपल्याच जुन्या भूमिकेला मुरड घातली आणि समोरची वस्तू खरोखर तेथे होती, या बाबीवर भर दिला. परंतु तेवढ्यानेही आपला प्रश्न सुटत नाही. शिकवलेला असला, तरी तोही लांडगाच असणार. तो तेथे होता आणि त्याने उडी मारली.

याचे उत्तर मला ग्रंथालयात मिळाले नाही. एका वैशाखी पौर्णिमेला वन्यप्राणी-गणनेच्या निमित्ताने नागझिऱ्याच्या अरण्यात एका पाणवठ्यावरच्या मचाणावर मी रात्र काढली. सोबत छायाचित्रे काढणारा मित्र होता. चांदण्यात पाणी लख्ख दिसत होते. दूर कुठे चितळाने एकदा धोक्याचा आवाज दिला, आणि नंतर पहाटेपर्यंत काहीही आले नाही. उजाडताना मित्राने त्या रिकाम्या पाणवठ्याचेच एक छायाचित्र घेतले. मी जरा खट्टू होऊन म्हणालो, “रात्र फुकट गेली.” तो म्हणाला, “ते येणारच असते, तर आपण बसलो कशाला असतो?”

त्याच्या बोलण्यातून मला प्रश्नाची दिशा सापडली. वन्यजीवाच्या छायाचित्रात आपण केवळ प्राणी पाहत नसतो. जो आला नसता तरी चालले असते, असा प्राणी पाहत असतो. न येण्याचे हे स्वातंत्र्य चौकटीत दिसत नाही, पण चित्राच्या अर्थात ते सामावलेले असते. चॅम्पियनच्या वाघाला ते होते. अ‍ॅडम्सच्या उजेडालाही होते; एक प्लेट उघडून होते न होते तोच कब्रस्तानातल्या क्रुसांवरचे ऊन गेले आणि दुसरी प्लेट घेता आली नाही. शिकवलेल्या लांडग्याला मात्र नकार देता येत नाही. प्राणिसंग्रहालयातले चित्र तसे सांगून दाखवले तर त्यात खोटे काही नाही. येथे नसलेले स्वातंत्र्य असल्याचे भासवले गेले असेल, तर खोट आहे ती तेथे.

आपली समीक्षा लेखक, संहिता आणि वाचक या तिघांभोवती फिरत राहिली. ज्याच्याविषयी लिहिले जाते, त्या चौथ्याची विचारपूस तिने क्वचितच केली. ग्रामीण आणि दलित साहित्याच्या चर्चेत तो चौथा स्वतः उभा राहून बोलू लागला, तेव्हा कोठे हा प्रश्न ऐरणीवर आला. परक्या जीवनावर लिहिलेली पुष्कळशी सफाईदार कथा वाचताना मला आता त्या लांडग्याची आठवण येते: पात्र नेमक्या क्षणी, नेमक्या उंचीची उडी घेते. ते आपल्या निर्मात्याला एकदाही चकवत नाही. कल्पिताला साक्षीची अट नसते, हे मान्यच आहे. पण पात्राला नकार देण्याची मुभा लेखकाने ठेवली आहे की नाही, हे वाचकाला कळते.

रिकाम्या पाणवठ्याचे ते छायाचित्र माझ्या टेबलासमोर आहे. चित्रात काहीच बदललेले नाही, हे त्या विद्यार्थिनीचे म्हणणे बरोबर होते. बदलले होते ते चित्रातल्या लांडग्याशी असलेले आपले नाते, आणि ते नाते आस्वादाच्या बाहेरचे आहे, असे मी तिला सांगायला नको होते.