रुग्णदप्तराची विद्या आणि फीचा हिशेब

पुण्यामुंबईकडची विज्ञानशाखेची पदवी पदरी घेऊन अमेरिकेत संसार थाटलेल्या मराठी मुली रुग्णालयीन दप्तराच्या, म्हणजे इकडच्या ‘हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट’च्या, शिक्षणाची चौकशी करू लागल्या की सर्वांत स्वस्त कॉलेज कोणते, हे आधी विचारतात, आणि हा प्रश्न गैरवाजवी नसला तरी तो दुसरा असावयास हवा, असे या खात्यात उमेद खर्ची घातलेल्या मला वाटते.

पहिला प्रश्न मान्यतेचा. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील अभिलेखपाल ग्रेस व्हायटिंग मायर्स यांच्या अध्यक्षतेखाली १९२८ साली ज्या संघटनेची स्थापना झाली, तिचीच आजची वारस ‘अहिमा’ ही संस्था या शिक्षणाच्या दोन मुख्य परीक्षा घेते: दोन वर्षांच्या असोसिएट पदवीनंतर ‘आरएचआयटी’ आणि चार वर्षांच्या पदवीनंतर ‘आरएचआयए’. येथील विद्यार्थ्याला या परीक्षांचा सरळ मार्ग ‘सीएएचआयआयएम’ या मंडळाची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमातूनच मिळतो. कॉलेजला मान्यता असणे वेगळे आणि त्यातील या अभ्यासक्रमाला असणे वेगळे, म्हणून खातरजमा माहितीपुस्तकावरून न करता मंडळाच्या यादीवरूनच करावी.

हे काम नकलनविशी खासच नव्हे. रुग्णाच्या कागदात दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुनाट विकार अशा दोन नोंदी असल्या, तर ‘ई ११.९’ हा साधा संकेतांक लावून भागत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत संबंध नाकारला नसेल तर तो गृहीत धरावा, असा दंडक असल्यामुळे ‘ई ११.२२’ आणि त्याच्या जोडीला विकाराची अवस्था दर्शविणारा ‘एन १८’मधील संकेतांक द्यावा लागतो. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमलात आलेल्या वर्गीकरणात असे सुमारे सत्तर हजार संकेतांक आहेत, आणि विम्याचा मोबदला पुष्कळ अंशी त्यांच्यावरच ठरतो. सबब प्रत्यक्ष रुग्णदप्तर हाताळू न देणारा अभ्यासक्रम मला फुकटातही महागच वाटतो.

आता फी. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे काढून पुढे आपल्याच राज्याच्या विद्यापीठात पदवी पुरी करणे हा बहुधा स्वस्त मार्ग. मात्र पहिल्या कॉलेजचे श्रेयांक दुसरे किती वळते करून घेईल, हे लेखी मिळविल्यावाचून पैसे भरू नयेत, कारण बुडालेले श्रेयांक हा छापील दरपत्रकात कधीच न दिसणारा खर्च आहे. ज्यांची मूळ पदवी येथे समकक्ष ठरते, त्यांनी सारी चार वर्षे नव्याने का काढावीत? त्यांच्यासाठी काही विद्यापीठांत केवळ या शाखेचे विषय शिकविणारा पदव्युत्तर प्रमाणपत्रक्रम असतो.

वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी सहामाही सत्राला ठोक फी घेते आणि तेवढ्या अवधीत जितके विषय उरकतील तितके उरकू देते. दप्तरात आधीच मुरलेल्या माणसाला तो सौदा किफायतीचा, परंतु तान्हे मूल सांभाळून सत्राला दोनच विषय झेपणाऱ्या मुलीने श्रेयांकागणिक फी घेणाऱ्या विद्यापीठाशी त्याचा ताळा करून पाहावा.