उडालेला बल्ब

“टेललाइट लागत नाही, नवा बल्ब टाकून ठेवा,” एवढं सांगून गिऱ्हाईक चहाला निघून जातं. जुन्या स्कूटरी आणि मोटारींच्या वायरिंगचं काम करणाऱ्या दुकानात याहून किरकोळ काम नसेल. किरकोळ म्हणूनच ते घाईत उरकलं जातं आणि तीच गाडी चार दिवसांत परत येते.

माझा शिरस्ता असा, की नव्या बल्बचं खोकं उघडण्याआधी जुना बल्ब उजेडात धरायचा. काच स्वच्छ आणि तार मधेच तुटलेली दिसली, तर हादऱ्यांनी किंवा वयाने गेला. फार चाललेल्या बल्बची काच थोडी काळवंडतेच. पण हल्लीच बसवलेला बल्ब आतून काळा, चंदेरी पडला असेल, तर तार नको इतकी तापून तिचं टंगस्टन काचेवर बसलंय. आत पांढरी पूड दिसली, तर काचेला बारीक चीर जाऊन हवा शिरली. आणि तार धडधाकट असेल तर बल्ब निर्दोष; चोर दुसरीकडे आहे.

काळ्या काचेचे बल्ब मी सगळ्यात जास्त पाहिले ते आकुर्डीच्या चेतक स्कूटरमध्ये. बॅटरी नसलेल्या जुन्या चेतकचे दिवे थेट मॅग्नेटच्या कॉइलवर चालतात. इंजिन मंद असलं की दिवे मिणमिणणार, ॲक्सिलरेटर पिळला की लखलखणार. रेग्युलेटर नसेल तर कॉइलची वीज बल्बांमध्येच वाटली जाते. हेडलाइट उडाला की त्याचा वाटा टेललाइटवर येतो आणि तोही जातो. म्हणून तिथे व्होल्ट आणि वॅट जुळलेच पाहिजेत. हेडलाइटला कमी वॅटचा बल्ब लावून पेट्रोल वाचत नाही, टेललाइट मात्र जळतो.

मोटारीत वेगळी तऱ्हा. ब्रेक आणि टेल मिळून एकच डबल कॉन्टॅक्ट बल्ब असतो, एक तार २१ वॅटची, दुसरी ५ वॅटची. त्याच्या बुडाशी असलेल्या दोन पिनांपैकी एक वर, एक खाली, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा. तरी पकडीने दाबून उलटा बसवणारे बहाद्दर आहेत. मग दिवे लावले की गाडी सतत ब्रेक मारल्यासारखी दिसते.

पण खरा वेळ जातो होल्डरमध्ये. पावसाळ्यात काचेखालच्या कडक झालेल्या रबरातून पाणी झिरपतं, होल्डर गंजतो, अर्थिंग सुटतं. मग ब्रेक दाबला की टेललाइट विझतो, इंडिकेटर दिला की शेजारचा दिवाही डोळे मिचकावतो. करंटला बॉडीतून परतायला रस्ता मिळाला नाही, की तो शेजारच्या बल्बच्या तारेतून घुसून परततो. इथे नवा बल्ब टाकून काय होणार? पॉलिश पेपरने होल्डर आतून चकचकीत करायचा, दबलेली स्प्रिंग उचलायची, अर्थची वायर बॉडीचा रंग खरवडून, कोऱ्या पत्र्यावर कसायची. काचेचे स्क्रू हलक्या हाताने आवळायचे. जुनं प्लॅस्टिक जोर सहन करत नाही, आणि तडा गेला की पुढच्या पावसाची सोय झालीच.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे रात्री मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि नंबर प्लेट १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. चालवणाऱ्याला हे दोन्ही कधीच दिसत नाहीत. हेडलाइट गेला तर माणूस त्याच रात्री धावत येतो. टेललाइटचं त्याला दुसऱ्याने सांगावं लागतं. म्हणून मी गाडी देताना मालकाला मागे उभं करतो आणि ब्रेक स्वतः दाबतो.

“एका बल्बचे एवढे?” हा प्रश्न मग बहुधा येत नाही. आला तर बल्बची किंमत वेगळी सांगतो. बाकीचे पैसे तो बल्ब टिकावा म्हणून केलेल्या कामाचे.