भट्टी दिसली, मोरी राहिली

रायपूरच्या टॉकीजमध्ये सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट लागला, की निम्मं पब्लिक बाहेर शेंगदाणे घेत उभं राहायचं. मी जागा सोडायचो नाही, कारण कधीमधी त्यात भिलाई दिसायची. रशियनांच्या मदतीनं उभा राहिलेला कारखाना, ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रप्रसादांनी उद्घाटन केलेली पहिली झोतभट्टी, आणि वर खर्जातला निवेदक. तो खोटं बोलत नव्हता, भट्टी मोठीच होती. पण तीस किलोमीटरवरच्या त्या गावात माझी मावशी राहायची, तिचं घर काही पडद्यावर आलं नाही.

कारखान्याच्या वसाहतीतलं, सेक्टरातलं क्वार्टर. मागं पपई, नळाला पाणी. काका नाइट शिफ्ट करून झोपलेले असले की आम्हा पोरांना दुपारभर कुजबुजत खेळावं लागे. शेजारी मल्याळी, पलीकडे बंगाली. मावशी दोघांशी हिंदीत बोलायची आणि भांडण पेटलं की मराठीवर यायची. मागच्या मोरीत भांडी घासायला खुर्सीपारहून बाई येई. तिचा नवरा त्याच कारखान्यात राबायचा, पण ठेकेदाराच्या हाताखाली. त्यामुळे क्वार्टर नाही, कंपनीचा दवाखाना नाही. तिचा चहाचा कप वेगळा, खिडकीत पालथा घातलेला.

अशाच ठेका मजुरांसाठी लढणाऱ्या शंकर गुहा नियोगींना २८ सप्टेंबर १९९१ ला भिलाईत झोपेत गोळी घातली. पुढच्या वर्षी १ जुलैला पॉवर हाउस स्टेशनावर पोलिसांच्या गोळीबारात मजूर मेले. मावशीकडे त्यावर कुणी बोललं नाही. पेपर घडी करून कपाटावर गेला.

बऱ्याच वर्षांनी पेट्रा च्योर्टनर यांचा ‘बर्लिन – प्रेन्झलाउअर बेर्ग’ हा माहितीपट पाहिला, १९९० चा. बर्लिनची भिंत पडलेली, १ जुलैला पूर्व जर्मनीत पश्चिमेचं चलन येणार, आणि कॅमेरा त्या मोहल्ल्यातल्या साध्या माणसांना बोलतं करत हिंडतोय. समाजवादी शहर असं आतून पाहायचं असतं, हे मला बर्लिननं शिकवावं, याचा जरा रागच आला. भिलाईतही क्वार्टरं होती, मजुरांचे कॅम्प होते, बोलणारी माणसं होती. फिल्म्स डिव्हिजनचा कॅमेरा मात्र भट्टीवरून हलला नाही.

तेव्हा भिलाईत दिवस काढलेल्या घरांना एक सांगणं. ट्रंकेतले बारशाचे, मुंजीचे फोटो रद्दीत घालू नका. आणि कडेला अर्धवट आलेली ती कामवाली बाई कोण, हे आठवतंय तोवर फोटोमागं तिचं नाव लिहून ठेवा.