पलटणीचा मोसम

पुणं हे काही आम्हा मालवणकडच्या माणसांचं शहर नव्हे. आमचं शहर मुंबई. घरटी एक तरी माणूस मुंबईला. परळ, लालबाग, भांडुप ही नावं आमच्या कानांवर मसुरे, कट्टा, आचऱ्याइतकीच लहानपणापासून पडलेली. पुण्याशी आमचा संबंध यायचा तो दहावीच्या भूगोलात, आणि कुणाच्या तरी मुलाला तिकडे नोकरी लागली म्हणजे. त्यामुळे 26 जुलै 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा आमच्या वाडीने कुणालाही न विचारता 'यू मुंबा' हा संघ आपला मानून टाकला. पहिल्या वर्षी तो अंतिम सामन्यात जयपूरकडून हरला. दुसऱ्या वर्षी, 2015 च्या ऑगस्टात, अनुपकुमारच्या नेतृत्वाखाली त्याने बंगळूरला 36-30 असं हरवून विजेतेपद मिळवलं. मी तेव्हा पाचवीत होते. वाडीतल्या मुलांनी भर पावसात फटाके लावले होते. निम्मे पेटलेच नाहीत.

असं असताना आमच्या घरात पुणेरी पलटण शिरली कशी? ती शिरली गुडघ्यावाटे.

माझा दादा वाडीच्या संघात चढाई करायचा. चांगली करायचा, असं मी बहीण म्हणून सांगत नाही. आजूबाजूच्या चार गावांत त्याचं नाव होतं. कबड्डीला आमच्याकडची जुनी माणसं अजून हुतुतूच म्हणतात. भातकापणी आटोपली, मळे मोकळे झाले, की स्पर्धा सुरू होतात. चार बांबूंना दिवे बांधायचे, चुन्याच्या रेषा मारायच्या, आणि रात्री दहाला सुरू झालेला खेळ पहाटे कोंबडा आरवेपर्यंत चालायचा. 2022 च्या नोव्हेंबरात अशाच एका रात्री दादा मध्यरेषेकडे परत वळताना पाय तिथेच राहिला आणि अंग वळलं. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. गोव्याला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली.

आता गुडघा हा अवयव खेळाडूला लागतो हे खरं, पण तो होडीवर काम करणाऱ्याला त्याहून जास्त लागतो. दादा मालवण बंदरातून सिंधुदुर्ग किल्ल्यावर पर्यटकांना नेणाऱ्या होडीवर होता. डुलत्या होडीतून धक्क्यावर उडी मारायची, दोर धरायचा, घाबरलेल्या आजीबाईंना हात देऊन उतरवायचं. हे सारं गुडघ्यावरच तर चालतं! ते काम बंद झालं. पुढच्या मोसमापासून तो धक्क्यावर तिकिटं फाडू लागला. घरी आला की पडवीत बसायचा. टीव्हीवर कबड्डी लागली की म्हणायचा, "बंद कर गो तां."

त्याच्या दुखण्याला महिना झाला असेल नसेल, तेव्हाची गोष्ट. 17 डिसेंबर 2022 ला मुंबईत प्रो कबड्डीचा अंतिम सामना होता, पुणेरी पलटण विरुद्ध जयपूर. पलटणचे दोन बिनीचे चढाईपटू, अस्लम इनामदार आणि मोहित गोयत, दुखापतीमुळे त्या सामन्यात खेळू शकले नाहीत. उपांत्य सामना पंकज मोहितेने एकट्याच्या बळावर काढून दिला होता, पण रोजच का असं होतं? पलटण 29-33 अशी हरली. दादाने तो सामना पाहिला नाही. मीच त्याला सकाळी सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "भायर बसान बघूक लागला असतला तेका." कोणाला, हे मी विचारलं नाही. अस्लम नगर जिल्ह्यातला मुलगा, आमच्या ना नात्याचा ना गावचा. पण त्या सकाळपासून तो आमच्या घरातल्यासारखा झाला.

मग मधे बरेच महिने काही नाही. म्हणजे घडत होतं पुष्कळ, पण ते सगळं व्यायामाचं, वाळूच्या पिशव्या पायाला बांधून उचलण्याचं आणि बिलांचं. असो.

दादा कबड्डीबद्दल पुन्हा बोलला तो 7 ऑक्टोबर 2023 ला. हांगझौच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांचा अंतिम सामना होता. गुण 28-28 असे बरोबरीत आणि वेळ जवळजवळ संपलेली. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणालाही स्पर्श न करता बाजूच्या राखीव क्षेत्रात शिरला. त्याच्या पाठोपाठ इराणचे खेळाडूही शिरले. आता बाद कोण? पंच एक सांगतात, मग दुसरं सांगतात. एकदा हा संघ मैदानावर बसतो, एकदा तो. तासाभराच्या आसपास खेळ थांबला होता. आमच्या ओट्यावर तर लढाईच जुंपली. तेव्हा पडवीतून दादाचा आवाज आला. जुन्या नियमाने स्पर्श न होता राखीव क्षेत्रात शिरलेले सगळे बाद, चढाई करणाराही आणि त्याच्यामागून गेलेलेही. नव्या नियमाने फक्त चढाई करणारा बाद आणि खेळ तिथेच थांबतो. भांडण पवनचं नव्हे, दोन पुस्तकांचं आहे! सगळे गप्प झाले. शेवटी निकाल भारताच्या बाजूने लागला, 33-29 असं सुवर्णपदक मिळालं. त्या भारतीय संघात आमचा अस्लम होता, नाशिकचा आकाश शिंदे होता. आणि समोर इराणच्या बाजूला होता महंमदरेझा शादलू, डाव्या कोपऱ्यावर उभा राहणारा, पकड झाली की मांडीवर थाप मारून साऱ्या प्रेक्षकांना अंगावर घेणारा.

पुढचा भाग कादंबरीत लिहिला असता तर कुणी विश्वास ठेवला नसता. या सामन्याला पुरते तीन दिवस होतात न होतात तोच मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव झाला आणि पुणेरी पलटणने शादलूला 2 कोटी 35 लाखांना घेतलं. म्हणजे ज्या माणसाने अस्लमच्या संघाला घाम फोडला, तोच आता अस्लमच्या हाताखाली खेळणार. कारण कप्तान अस्लम होता.

लिलाव म्हटलं की आम्हाला मासळीचा लिलाव आठवतो. संध्याकाळी होड्या लागतात, वाळूवर सुरमई, बांगडे, सौंदाळ्यांच्या राशी पडतात, आणि बोली सुरू होते. आमच्या आईला माणसांचा लिलाव हा प्रकार मुळीच पटला नाही. "माणसाची बोली लावतत? आणि तो गप उभो रवता?" मी तिला समजावलं की यात पैसे त्या माणसालाच मिळतात. ती म्हणाली, "मगे बरा." तिचं समाधान झालं, माझं अजून पुरतं झालेलं नाही. वाडीच्या संघात माणूस जन्माने येतो. तो कितीही वाईट खेळला तरी त्याला दुसऱ्या वाडीला देता येत नाही. इकडे मात्र मोसम संपला की डाव्या कोपऱ्यावरचा माणूस उजव्या टोकाच्या शहरात. मग प्रेम करायचं ते कुणावर? रंगावर? नावावर? त्याच लिलावात पवन सेहरावतला हैदराबादच्या तेलुगू टायटन्सने 2 कोटी 60 लाख 50 हजार दिले, सगळ्यांत मोठी बोली. आणि तो संघ त्या मोसमात शेवटच्या क्रमांकावर राहिला! सुरमई महागाची आणली म्हणून कालवण चांगलं होतंच असं नाही, हे आमच्याकडच्या कोणत्याही बाईने सांगितलं असतं.

2 डिसेंबर 2023 ला अहमदाबादला मोसम सुरू झाला. प्रत्येक संघाने साखळीत 22 सामने खेळायचे, बारा शहरांतून फिरत फिरत. मी मराठीच्या वहीच्या मागच्या पानांवर पलटणचे गुण लिहायला लागले. पुढून संतकाव्य, मागून कबड्डी! दादा साडेसातला बंदरावरून यायचा, जेवायचा आणि पडवीत टीव्हीकडे पाठ करून बसायचा. पण कान आत असायचे. लोकांचा ओरडा झाला की विचारायचा, "डावो कोपरो?" मी म्हणायची, होय. पुष्कळदा तोच असायचा. त्या मोसमात पकडीचे सर्वांत जास्त गुण शादलूचे झाले. पण मला त्याच्याहून त्या संघाचं वागणं आवडायचं. एक चढाईपटू चालला नाही तर दुसरा जायचा. आज अस्लम, उद्या मोहित, परवा आकाश किंवा पंकज. कुणाच्याही चेहऱ्यावर 'मीच का नाही' असं दिसायचं नाही. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांनी 2019 मध्ये बंगालला विजेतेपद मिळवून दिलेलं. बाजूला बसलेला हा माणूस क्वचितच उठायचा.

साखळी संपली तेव्हा माझ्या वहीत पुढीलप्रमाणे होतं: 17 जिंकले, 2 हरले, 3 बरोबरीत, गुण 96, क्रमांक पहिला. यू मुंबा पहिल्या सहांतही नव्हती. 28 फेब्रुवारीला हैदराबादेत उपांत्य सामना झाला, पाटण्याला 37-21 असं सहज हरवलं. अंतिम सामना 1 मार्चला, हरयाणा स्टीलर्सशी.

आणि 2 मार्चला आंगणेवाडीची जत्रा!

बाहेरच्या वाचकाला यातली अडचण कळायची नाही. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख कॅलेंडरात छापलेली नसते. देवीचा कौल घेऊन ती ठरते, आणि एकदा ठरली की मुंबईहून येणाऱ्या गाड्यांची जागा मिळेनाशी होते. आदल्या रात्री आमच्या घरात सतरा माणसं होती. ओट्यावर गाद्या, पडवीत बॅगा, मागीलदारी नारळांचा ढीग. टीव्ही एक. धाकट्या काकांना बातम्या हव्या होत्या, मुलांना कार्टून. मोठे काका जन्मभर मुंबईत राहिलेले, म्हणाले, "पुण्याचो संघ आमचो कधीपासून झालो?" त्यांना काय सांगणार? मी वही घेऊन उभी राहिले, एवढंच. तेवढ्यात दादा आत आला आणि टीव्हीच्या अगदी समोर, पाय लांब करून, खाली बसला. वर्षावर तीन महिने झाले होते त्याला तिथे बसून. कुणी काही बोललं नाही. काकांनी रिमोट ठेवून दिला.

सामना काही फार देखणा झाला नाही. अंतिम सामने बहुधा होत नाहीत. दोन्ही बाजू जपून खेळतात. पहिली कितीतरी मिनिटं एकेका गुणासाठी चालली होती. मग पूर्वार्ध संपायच्या सुमारास पंकज मोहिते चढाईला गेला आणि एका दमात चार गुण घेऊन परतला. आमच्याकडे झोपलेली दोन पोरं उठून बसली. मध्यंतराला 13-10. उत्तरार्धात लोण चढवला तेव्हा वाटलं संपलं, पण हरयाणा सोडीना. शेवटच्या मिनिटांत आई देवीचं नाव घेत होती. ते उद्याच्या जत्रेसाठी की पलटणसाठी, हे तिलाच ठाऊक. 28-25. पलटणचं पहिलं विजेतेपद, आणि मोसमातला सर्वोत्कृष्ट खेळाडू अस्लम इनामदार.

मी दादाकडे पाहिलं. तो पडद्यावरच्या नाचणाऱ्या माणसांकडे बघत गुडघ्यावर हात फिरवत होता. म्हणाला, "माजो आता वळाचो नाय. माका म्हायत आसा." रडवेल्या आवाजात नव्हे, भरतीची वेळ सांगावी तसं. मग म्हणाला, "तो नियम मी बरोबर सांगलंय ना, त्या दिसा?"

त्या पावसाळ्यात होड्या बंद असताना दादाने पंचपरीक्षेचं पुस्तक आणलं. आमच्या घरात अभ्यास करणारी मी एकटी, ती मक्तेदारी गेली. रात्री मी त्याला प्रश्न विचारायची: मैदान किती बाय किती? तेरा बाय दहा मीटर. चढाईला वेळ किती? तीस सेकंद. तो पास झाला.

इकडे पलटणचं काय झालं म्हणाल, तर नवा मोसम आला आणि शादलू गेला. हरयाणाने त्याला 2 कोटी 7 लाखांना नेलं. अस्लमचा गुडघा पुन्हा दुखावला आणि तो मोसमाच्या मध्यावरच बाहेर बसला. विजेता संघ पहिल्या सहांत आला नाही.

29 डिसेंबर 2024 ला प्रो कबड्डीचा अंतिम सामना पुण्याला बालेवाडीत होता. हरयाणा विरुद्ध पाटणा. त्याच रात्री आमच्या शेजारच्या गावात स्पर्धा होती, आणि दादा पंच होता. उपांत्य सामना आमच्याच वाडीचा. शेवटच्या चढाईत आमचा मुलगा स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला. अर्धं पाऊल, चुन्यावरून जेमतेम. दादाने शिट्टी मारली आणि त्याला बाद दिलं. आमची वाडी एका गुणाने हरली. ज्या मुलांबरोबर तो दहा वर्षं खेळला त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. एकाने पाणी प्यायला दिलेला तांब्या मधूनच परत घेतला.

मोटारसायकलवर मी मागे बसले होते. वाटेत दव पडत होतं. कालव्याजवळ त्याने गाडी हळू केली.

"पुण्याक कोण जिंकलो गो?"

"हरयाणा. 32-23."

"आणि डावो कोपरो?"

"तो हरयाणातच होता ना."

दादा हसला, आणि बराच वेळ हसत राहिला. मग म्हणाला, उद्या सकाळी त्या मुलाच्या घरी जायचंय, रेषा दाखवायला.